सहा तारा, बारा पडदे

खेळाचे नियम समजावून सांगणारा माणूस आणि लग्नात ‘ओळखलंत का मला?’ असं विचारणारा माणूस, या दोघांच्या तावडीतून सहजासहजी सुटका नसते. आमचा पुतण्या पहिल्या जातीतला.

त्यानं गिटार आणल्यापासून आमचे दादा आणि तो एकमेकांशी वहिनींमार्फत बोलत. ‘त्याला म्हणावं, अभ्यास कर.’ ‘त्यांना म्हणावं, झाला.’ आणि हे एकाच खोलीत बसून! गिटार माळ्यावर गेली. तेव्हा पठ्ठ्यानं साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर सहा तारा नि बारा पडदे आखले, वहिनींच्या डब्यातली बटणं घेतली आणि खेळ मांडला. आवाज नाही, म्हणजे बंदीही नाही!

खेळ असा. भिडू दोन, एकाची बटणं काळी, एकाची पांढरी. चिठ्ठी उचलून ‘सा’ कुठला ते ठरवायचं. मग पाळीपाळीनं बटणं ठेवत ज्याचे सा, ग, प आधी जुळतील तो जिंकला. मात्र तिन्ही बटणं लागोपाठच्या चार पडद्यांत हवीत. माणसाचा पंजा साधारण तेवढाच पुरतो. आणि एका तारेवर एकच बटण. तुमच्या पुढच्या पडद्यावर मी माझं ठेवलं, की तुमचं उठलं. का? तर एका तारेवर दोन बोटं दाबली, तर घोडीजवळचं तेवढं वाजतं, मागचं मुकं! हा नियम कुठल्याही कचेरीत पडताळून पाहावा.

मग सगळ्यांनी पुढंच पळावं की! तिथंच तर मेख आहे. बाराव्या पडद्यावर तार बरोबर निम्मी होते आणि मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात लागतो. तिथलं बटण कुणी उठवू शकत नाही. पण ही चैन एका डावात एकदाच.

शिवाय इथं एकच सूर अनेक घरांत बिऱ्हाड करून असतो. पहिल्या मोकळ्या तारेचा सूर दुसरीच्या पाचव्या पडद्यावर सापडतो, तिसरीच्या नवव्यावरही. एका घरातून हाकललं तर दुसरं आहेच. शेजारच्या तारेवर जाताना पाच पडदे मोजायचे, फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यामध्ये चारच! सगळा जिना सारखा बांधून एकच पायरी बुटकी ठेवावी, तसं हे. अडखळायचं ते नेमकं तिथंच.

एका रविवारी आमचा डाव रंगला होता. चिठ्ठीत काळी चार निघाली. दादा पेटी वाजवणारे. वर्तमानपत्राआडून त्यांना राहवेना. ‘अरे, त्या दोन तारांत चारच मोज!’ ते ओरडले आणि मला उठवून स्वतः बसले.

‘हं, ठेव बटण,’ ते मुलाला म्हणाले. थेट! वहिनींचं टपालखातं त्या क्षणी बंद पडलं.

रात्री अकराला वाद निघाला. ‘पुठ्ठ्यावर काय, काहीही जुळेल,’ दादा म्हणाले. ‘खऱ्यावर वाजवून दाखव.’

पोरगा माळ्यावर कधी चढला नि कधी उतरला, कळलंच नाही. खुंट्या पिळून त्यानं तारा लावल्या आणि तीन सूर एकदम छेडले. दादांनी डोळे मिटले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

‘प जरासा उतरलाय,’ दादा म्हणाले आणि बटण उचललं. ‘चल, माझी पाळी.’