मॅडमनी खोडलेली ओळ

‘लग्नानंतर सुरुवातीचे काही दिवस अर्जदार हिस चांगले नांदवले. त्यानंतर क्षुल्लक कारणावरून शिवीगाळ व मारहाण करून, उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक छळ करण्यास सुरुवात केली.’ आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही कोर्टात कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज उघडा, ही दोन वाक्यं भेटतातच. गाव बदलतं, नावं बदलतात. टाइपरायटर जाऊन संगणक आले, तरी वाक्यं तीच राहिली.

साताऱ्यात मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकले, त्या मॅडम ही वाक्यं पेन्सिलीनं खोडायच्या. कोणत्याही ज्युनियरचा मसुदा असो, त्या ओळीवर आडवी रेघ आणि समासात बारीक अक्षरात एकच प्रश्न: ‘म्हणजे मंगळवारी काय झालं?’ त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून इथंही मॅडम एवढंच. माझ्या सनदेवर बार कौन्सिलचा शिक्का आहे, पण मला वकील त्या प्रश्नानं केलं.

मंगळवारी काय झालं हे विचारायला वेळ लागतो. बाई समोर बसते आणि तीही तेच सांगते, ‘त्रास देतात हो.’ कारण आजवर तिला कुणी त्यापुढचं विचारलेलंच नसतं. मॅडम चहा मागवायच्या, वही मिटून ठेवायच्या आणि विचारायच्या, सकाळी घरात आधी कोण उठतं? दुधाचे पैसे कोण देतं? माहेरचा फोन आला तर कुठं उभी राहून बोलतेस? दाराला आतून कडी आहे का? तासाभरात त्या घराचा नकाशा समोर यायचा, आणि त्या नकाशात तिला मोकळं उभं राहता येईल अशी हातभर जागाही नसल्याचं आम्हाला दिसायचं.

या आग्रहामागे मॅडमचा एक जुना घाव होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या पुण्यात कायदा शिकत होत्या. जून १९८२ मध्ये तिथं मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. त्या आणि तशाच इतर मृत्यूंनी शहर ढवळून निघालं, विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला, ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव गेलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि जुलै १९८४ मध्ये, पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही म्हणून, पती निर्दोष सुटला. परिस्थितीजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्या त्या निकालात सांगितल्या, त्यांना आम्ही ‘पंचशील’ म्हणतो आणि आजही प्रत्येक फौजदारी वकील त्या म्हणून दाखवतो. मॅडम मात्र ज्युनियरला त्या निकालातला वेगळाच भाग वाचायला लावायच्या. मंजुश्रीनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं. ‘न्यायालयानं ही पत्रं किती बारकाईनं वाचलीत बघ,’ त्या म्हणायच्या, ‘पण ती लिहिणारी गेल्यावर. आपलं काम एवढंच, की बाई जिवंत असताना तिचं लिहिणं न्यायाधीशाच्या टेबलावर जावं.’

१९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत, सासरच्या क्रूरतेला गुन्हा ठरवणारं कलम ४९८-अ आलं. आता ते भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांत आहे. पण त्यातली क्रूरता म्हणजे बाईला आत्महत्येकडे ढकलील किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाला गंभीर इजा करील अशी वागणूक, किंवा पैशांसाठी केलेला छळ. त्यामुळे ठाण्यात पहिला प्रश्न ठरलेला, ‘मारल्याचा दाखला आहे का?’ ज्या घरात हात उगारावाच लागत नाही, त्या घरातल्या बाईकडे कसला दाखला असणार? २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला अमलात आला, तेव्हा मॅडमनी पेढे वाटले होते असं त्यांचे कारकून सांगतात. त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाची नावं आहेत. बहुतेक वकील तिथं थांबतात. मॅडम त्याच कलमाच्या शेवटी असलेल्या दुसऱ्या स्पष्टीकरणावर बोट ठेवायच्या. एखादं वागणं हिंसा ठरतं की नाही, हे पाहताना प्रकरणाची सगळी परिस्थिती एकत्र विचारात घ्यावी, असं ते सांगतं. एकेक गोष्ट सुटी काढली तर क्षुल्लक दिसते, सगळ्या मिळून तो तुरुंग असतो, आणि हे पाहण्याची वाट आपल्याच कायद्यात आहे, हे मला त्यांनी दाखवलं.

ते खरं उमगलं ते मात्र एका पक्षकारामुळे. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटू नये इतके तपशील मी बदलले आहेत. बाई शिवणकाम करायची. आल्या आल्या म्हणाली, ‘ताई, मारत नाहीत हो ते. एकदासुद्धा नाही.’ हे सांगताना तिच्या आवाजात जणू आपण उगाच आलो असा संकोच होता. पिशवीत रोजच्या खर्चाच्या वह्या होत्या. प्रत्येक दिवसाचं पान, प्रत्येक पैसा. कोथिंबीर पाच रुपये, आणि त्याशेजारी लाल शाईत नवऱ्याच्या अक्षरात ‘का?’ सुई-दोरा, ‘मागच्या महिन्यातला कुठे गेला?’ एका पानावर मुलीच्या पेन्सिलीवर फुली. हिशेब जुळला नाही तर रात्री उठवून पुन्हा बेरीज करायला लावत. ब्लाऊजच्या शिलाईचे पैसे त्याच्या खात्यात जात. स्कूटरचे किलोमीटर तो सकाळ-संध्याकाळ टिपून ठेवी. ती बाहेर गेली की व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा, भाजीवाल्याकडेसुद्धा. बाथरूमची आतली कडी त्यानं काढून टाकली होती.

मॅडमनी त्या वह्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाल्या, ‘अर्ज तू लिही. विशेषण एकही नको.’ तो अर्ज मी वारांनी लिहिला. सोमवारचं पान, मंगळवारचं पान. फोनवरच्या मेसेजच्या छापील प्रतींना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं रीतसर प्रमाणपत्र जोडलं. जालन्याच्या एका निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ही अट पक्की केली, तेव्हापासून नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, आणि कितीतरी बायकांचा पुरावा या एका कागदावाचून लटकतो.

सामनेवाल्यांचे वकील म्हणाले, काटकसर हा काय गुन्हा झाला का? संसार करणाऱ्या माणसानं हिशेब ठेवू नये? न्यायदंडाधिकाऱ्यांनी वह्या मागवल्या आणि बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्या पक्षकाराचा स्वतःचा हिशेब कुठल्या वहीत आहे?’ उत्तर आलं नाही. कलम २३ खाली अंतरिम आदेश झाला: संपर्क करायचा नाही, पाळत ठेवायची नाही, घरातून काढायचं नाही, दरमहा रक्कम द्यायची. आणि ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालाप्रमाणे त्याला मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र भरावं लागलं. त्या निकालाचं मूळ नागपूर खंडपीठातलं. दुसऱ्याच्या कोथिंबिरीचा जाब विचारणाऱ्या माणसाला स्वतःचा एकेक रुपया शपथेवर लिहावा लागला. मॅडम त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी मला पोवई नाक्यापर्यंत चालत सोडायला आल्या.

याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट. समुपदेशनासाठी दोघांना एकत्र बसवलं होतं. ती नीट बोलत होती. नवऱ्यानं फक्त घसा खाकरला. ती गप्प झाली, वाक्याच्या मध्येच. समोरच्या कुणाला काही वावगं दिसलं नाही. घरात त्या खाकरण्याचा अर्थ काय होता, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. मॅडमनी तिथल्या तिथे अर्ज दिला की दोघांशी वेगवेगळं बोलावं, आणि पुढची सुनावणी कलम १६ प्रमाणे बंद दारामागे घ्यावी. तडजोडीला त्यांचा विरोध नव्हता. पण जिथे एकाला नजरेनं दुसऱ्याला गप्प करता येतं, तिथे तडजोड या नावाखाली जे लिहिलं जातं त्यावर सही करायला त्या पक्षकाराला कधी सांगत नसत. ‘नांदायला पाठवा’ हा आग्रह मी अजूनही जवळजवळ प्रत्येक तारखेला ऐकते, आणि त्यांच्यामुळेच त्याला नाही म्हणू शकते.

ऋण आणखी एका बाईंचं, आमच्या तालुक्याच्या तेव्हाच्या संरक्षण अधिकाऱ्यांचं. घटना अहवालाचा फॉर्म त्या कचेरीत बोलावून भरत नसत. बाईला सोयीचं असेल तिथे जायच्या, कधी एसटी स्टँडवर, कधी शाळेच्या पालकसभेला. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या २००६ च्या नियमांत सुरक्षा योजनेचा पाचवा नमुना आहे. एरवी तो कोरा राहतो. त्या तो रकाना रकाना भरायच्या: कसली भीती आहे, कुठला आदेश मागायचा, कोणता उपाय लगेच हवा. घर सोडल्यानंतरचे दिवस सगळ्यांत धोक्याचे, हे मला पुस्तकाआधी त्यांनी शिकवलं. कागदपत्रं आधी कुणाकडे ठेवायची, मुलांच्या शाळेत कुणाला सांगून ठेवायचं, फोनमधलं लोकेशन कसं बंद करायचं, हे त्या चटणी-भाकरीच्या गप्पांसारखं सहज सांगत.

पुढे इव्हान स्टार्क या अमेरिकी अभ्यासकाचं २००७ चं पुस्तक वाचलं. घरातल्या अशा पद्धतशीर ताब्याबद्दल, ज्याला तिकडे ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्यानं तो स्वतंत्र गुन्हा झाला, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. स्कॉटलंडचा कायदा २०१९ पासून लागू आहे. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण आदेश मोडला तरच गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी उत्साहानं मॅडमना विचारलं, आपल्याकडेही असं कलम हवं ना? त्या म्हणाल्या, हवं, पण आधी साठ दिवस खरे कर. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. आमच्याकडे नोटीस बजावण्यातच महिने जातात. तुरुंगाची भीती नंतर, बाईच्या डोक्यावरचं छप्पर आज, हे त्यांचं मत मी पूर्ण मान्य करते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सतीश आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सासऱ्याच्या नावावरचं घरही सामाईक घर ठरू शकतं असं म्हटलं आणि २००६ चा उलटा निकाल मोडीत काढला. तेव्हा मॅडमनी मला पहाटे फोन करून निकालाचे परिच्छेद वाचून दाखवले होते.

त्यांची फी मी कधी फेडू शकले नाही, कारण त्यांनी ज्युनियरकडून काही घेतलंच नाही. एकदा भीतभीतच शाल-नारळाचं बोलले, तर म्हणाल्या, ‘त्यापेक्षा आठवड्यातला एक दिवस तालुक्याला बस.’ तेव्हापासून मी बसते. या आठवड्यात एक नवी बाई आली आहे. तिच्याकडे वह्या नाहीत, दाखले नाहीत, फोनही नवऱ्याच्या नावावर आहे. शेजारणीच्या फोनवरून ती माझ्याशी बोलते. उद्या अकराला येणार आहे, मुलाच्या शाळेत काम आहे असं घरी सांगून. संरक्षण अधिकाऱ्यांना मी बोलावून ठेवलं आहे. पाचवा नमुना आधी भरायचा, अर्ज मग.