पोटखराबा

सातबाऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राशेजारी पोटखराब्याची नोंद असते. जिथं नांगर चालत नाही ती जमीन त्यात जाते: खडक, मुरूम, ओढ्याची कड, टेकाड. सोलापूर जिल्ह्यातल्या उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांत अशी जमीन मोप. शिवाय गायरानं आणि सरकारी पड. खालची यादी तिथल्या रहिवाशांची. काही गेले, काही वाटेवर आहेत.

माळ

वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मध्ये मोठी ओढ देऊन. वीतभर मातीखाली कठीण मुरूम. इथं झाड जोर धरत नाही, गवत धरतं. झाडं तोडली म्हणून माळ झाला, असा शहरात समज आहे. इथला बराच माळ मुळातच माळ आहे. पण सरकारी भाषेत तो पडीक, आणि पडीक जमीन दिसली की कुणालाही तिचं भलं करावंसं वाटतं. २०१९ साली राज्यानं ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. उद्दिष्टाला जागा लागते आणि मोकळी जागा माळावरच दिसते. गिरिपुष्प, सुबाभूळ, नीलगिरी यांच्या ओळी उभ्या राहिल्या की सावलीत गवत विरळ होतं आणि फांदीवर कावळा येऊन बसतो. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याचा कारभार तिथंच आटोपतो.

पवन्या, मारवेल, कुसळी

पवन्या गोड, म्हणून जनावर तो आधी खातं. चराई वाढली की पवन्या जातो, कुसळी उरते. तीही गेली की तरवड आणि गाजरगवत. मेंढपाळाला माळाची तब्येत पायाखालच्या गवतावरून कळते.

कुसळीचं बी हातात घेऊन पाहावं. पुढं सुईसारखं टोक, त्यावर मागं वळलेले बारीक केस, आणि शेपटाला पीळ पडलेलं लांब काळं कुसळ. दव पडलं की पीळ सुटतो, ऊन चढलं की पुन्हा बसतो. या सुटण्या-बसण्यात बी गोल फिरत जमिनीत शिरतं. केसांमुळे मागं येत नाही. तळहातावर थुंकी लावून ठेवलं तरी ते वळवळतं. धोतराच्या सोग्यात आणि मेंढीच्या लोकरीतही याच युक्तीनं शिरतं. पेरणाऱ्याची गरज नसलेलं हे बियाणं. त्याला फक्त न उकरलेली जमीन लागते, आणि तीच आता मिळत नाही.

माळढोक

उंची मीटरभर, नराचं वजन पंधरा किलोच्या घरात. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे जड थोडेच. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरट्याविना. ते कुत्र्यानं उचललं किंवा मेंढराच्या पायाखाली गेलं की त्या खेपेची वीण बुडाली.

सत्तरच्या दशकात पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचे माळढोक जगापुढं आणले. दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेले गवताचे तुकडे पक्ष्याला मानवले. १९७९ मध्ये अभयारण्य झालं, सोलापूर आणि अहमदनगर मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, तालुक्याची ठिकाणं आली, महामार्ग आले. जमिनीचे व्यवहार अडले, बिगरशेतीची परवानगी अडली, आणि ज्यानं माळढोक कधी पाहिला नाही असा माणूसही त्याला शिव्या घालू लागला. २०१२ मध्ये क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आता एखादी मादी दिसली तर बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आत, बहुतेक राजस्थानात.

याच नान्नजमध्ये नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस ही द्राक्षाची वाणं काढली. त्या बागांनी कितीतरी घरं उभी केली. पक्ष्यानं गावाला कज्जे दिले, द्राक्षानं पैसा दिला. गावानं कुणाची बाजू घ्यावी, हे विचारायलाच नको.

मोकळं आकाश

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. उडताना खालची जमीन दिसते, समोरची तार दिसत नाही. दिसली तरी जड अंग ऐन वेळी वळत नाही. राजस्थान-गुजरातमध्ये विजेच्या तारांवर आदळून होणाऱ्या मृत्यूंमुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये न्यायालयानं तारा जमिनीखाली घालायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली.

सोलापूरचं नाव विजेच्या इतिहासात वेगळ्या कारणानं आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ केव्हीची रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. त्या दिवशी इथल्या आकाशाचाही सातबारा झाला.

तणमोर

माळढोकाचा धाकटा भाऊबंद. पावसाळ्यात नर गवताच्या वर उड्या मारतो, मादीला दिसावं म्हणून. उडी दिसायला गवत हवं, गुडघ्याच्या वरचं. आता महाराष्ट्रात त्याच्या विश्वासार्ह नोंदी येतात त्या बहुतेक अकोला-वाशिमकडून. तिथं फासेपारधी मंडळीच त्याची राखण करतात. फास लावता येणाऱ्याला पक्षी कुठं बसतो हे पक्कं ठाऊक असतं.

लांडगा

अजून आहे. धनगराचं कोकरू नेतो, धनगर शिव्या देतो, आणि दोघं त्याच माळावर पिढ्यान् पिढ्या राहतात. त्याला मारायला बंदूक लागत नाही. ढाबे वाढले, कोंबड्यांच्या शेडबाहेर मेलेल्या कोंबड्या पडू लागल्या, त्यावर भटकी कुत्री पोसली. कुत्र्यांबरोबर रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग आले. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्र्याची संकरित पिल्लं आढळली, जनुकीय तपासणीत तसं सिद्धही झालं. पुढं एखादा लांडगा दिसेल, पण तो लांडगाच आहे याची खात्री प्रयोगशाळेतून आणावी लागेल.

गिधाड

पूर्वी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकत आणि दुपारपर्यंत सांगाडा उरे. बैलाची सूज उतरावी म्हणून दिलेलं डायक्लोफेनॅक त्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली होती. सांगाडा करायचं काम आता कुत्री करतात. वरची नोंद पुन्हा वाचावी.

गूळभेंडी

हुरड्याची ज्वारी. दाणा कोवळा असताना गोड, कणसातून सहज सुटणारा. शाळूचं तसं नाव मोठं: मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ दख्खनभर पेरली गेली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, पाणी मागत नाही, कडबा देते. पाखरांना वाटा देते. म्हणूनच गोफण होती, माळा होता, राखणीला पोरं होती. माळढोकही या रानांत किडे टिपायला येई. उसात त्याला पाय ठेवायला जागा नाही.

खिलार

सांगोला, मंगळवेढा, आटपाडीकडची पांढरी, ताठ शिंगांची जात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आणि पंढरपूरच्या कार्तिकीला जनावरांचा बाजार भरतो, पण जोडी घेणारा नांगरासाठी घेत नाही, शर्यतीसाठी घेतो. गायरान गेलं, कडबा महागला, ट्रॅक्टर आला. बिनपाण्याच्या मुलखात टिकणारं जनावर पाणी आल्यावर अडचणीचं झालं.

वांब, मरळ

उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं. भीमेचं वाहतं पाणी उभं राहिलं, त्यात वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी. जाळ्यात आता वांब-मरळीऐवजी मुख्यतः चिलापी, तीही आफ्रिकेतून आलेली. हॉटेलाच्या पाटीवर मात्र ती ‘उजनीचा ताजा मासा’.

जमेची बाजू

यादी एकतर्फी नको. उजनीच्या चिखलात रोहित येतात, ते पाहायला माणसं येतात. काळवीट टिकलं आहे. कळप रात्री पिकात घुसतात आणि भरपाईच्या अर्जाला वेळ लागतो. वेडी बाभूळ आली. गाजरगवत आलं, ते पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं होतं. आणि ऊस आला. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच कमी पावसाच्या जिल्ह्यात आहेत.

माणूस

१९०१ च्या शिरगणतीत जिल्ह्यात ७ लाख २० हजार माणसं, सोलापूर शहरात ७५ हजार. २०११ मध्ये जिल्हा ४३ लाख, शहर साडेनऊ लाख. अक्कलकोट आणि मंगळवेढा तेव्हा संस्थानांत होते, त्यामुळे हिशेब तंतोतंत नाही. पट मात्र कळतो. एवढ्या माणसांना जागा, पाणी, रस्ता लागणारच.

पण माळ नुसत्या डोक्यांच्या संख्येनं खाल्ला नाही. शंभर मेंढरांच्या कळपाचं बिऱ्हाड वर्षभर माळावर राहून त्याला शिल्लक ठेवत होतं. उपशाचं पाणी आलं तशी दोन माणसांची वस्ती वीस एकर माळ जेसीबीनं सपाट करून त्यावर ऊस उभा करू लागली. ती साखर इथं राहत नाही, चारी दिशांच्या शहरांत जाते. लोकसंख्येचा दोष मोजायचा तर चहात दोन चमचे घालणाऱ्यांनाही मोजावं लागेल. शेतकऱ्याला मात्र एकट्याला धरता येत नाही: ज्वारीला कारखान्यासारखं गिऱ्हाईक नाही, हमीनं उचलणारं कुणी नाही.

शिल्लक

नान्नज, मार्डी, अकोलेकाटीकडं वनखात्यानं राखलेले गवताचे तुकडे. गावोगावची, अजून अतिक्रमण न झालेली गायरानं. धाविक, चंडोल, खोकड, पखुर्डी. यांना पाणवठे बांधून नकोत, झाडं लावून नकोत. पाळीनं चराई, विणीच्या दिवसांत कुत्र्यांचा बंदोबस्त, मेलेल्या कोकराची भरपाई महिन्याच्या आत, आणि कोरडवाहू ज्वारी करणाऱ्याला उसाच्या तोडीचा नसला तरी खात्रीचा भाव. यातलं एकही काम अवघड नाही, फक्त त्याचं उद्घाटन करता येत नाही.

जुलैत वृक्षलागवडीचं उद्दिष्ट पुन्हा येईल. खड्डे ओढ्याकाठी घ्या, शाळेच्या आवारात घ्या, रस्त्याच्या कडेला घ्या. पोटखराब्यात घेऊ नका.