चोविशीतल्या मॅडम

बदलापूर पूर्वेला रिक्षाच्या रांगेत उभी होते, तर डोक्यावर मीच. भला मोठा फ्लेक्स, निळं आकाश, कोपऱ्यात विमान, 'अनुभवी एअर होस्टेसकडून प्रत्यक्ष मार्गदर्शन' आणि अनुभवी म्हणून चोविसाव्या वर्षातला माझा फोटो. मला विचारलंही नव्हतं, फेसबुकवरून उचललेला. आज मी बावन्न वर्षांची आहे. मागे उभ्या असलेल्या आमच्या सोसायटीतल्या काकूंनी वर बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "अगं, मुलगी तुझ्यावरच गेलीय हो."

मी ज्या एअर होस्टेस क्लासमध्ये शिकवणार होते, त्याच्या सरांना तिथूनच फोन लावला. ते अजिबात गडबडले नाहीत. "मॅडम, पालक बोर्ड बघून येतात. आत्ताचा फोटो लावला तर त्यांना वाटेल, प्रिन्सिपल आहेत."

हे अजून डोक्यातून जात नाही. माझी केबिनमधली सगळी वर्षं त्यांना हवी होती, फक्त ती चेहऱ्यावर दिसायला नको होती.

बाकी माझी गोष्ट चारचौघींसारखीच. कॉलेज, जाहिरात, उंची मोजणं, वजन करणं, मुलाखत, ट्रेनिंग. कंपनीची गाडी न्यायला यायची, पण ठरावीक अंतराच्या आत, आणि बदलापूर त्या अंतरात बसणं शक्यच नव्हतं. म्हणून कलिन्यात पेइंग गेस्ट, सुट्टीला बदलापुरात, कात्रपच्या घरी. लग्न, मुलगा, पुन्हा रोस्टर. कंपनी खासगी होती, नाव घेत नाही.

नाव घ्यावंसं वाटतं ते शेवटचं पत्र आठवलं की. आम्ही करारावर होतो. मुदत संपत आली की एक फॉर्म यायचा, आपण सही करायची. इतक्या वेळा केली होती की वाचायचंही सोडून दिलं होतं. त्या वर्षी फॉर्म आलाच नाही. आधी वाटलं, उशीर झाला असेल. मग कळलं, माझ्या बॅचच्या आम्ही ज्या मोजक्या उरलो होतो, त्यांच्यातल्या एकीलाही आलेला नाही आणि नंतरच्या मुलींना आला आहे. मग पत्र आलं, दोन ओळींचं. 'आपल्या कराराची मुदत संपत आहे. आपल्या सेवेबद्दल आभार.'

मी एचआरमध्ये गेले. समोरचा मुलगा जेमतेम सव्विसचा. मी विचारलं, कामात काही चूक? नाही. ग्रूमिंग? नाही. वजन? नाही मॅम, तुमचं रेकॉर्ड उत्तम आहे. मग? "मॅम, आम्ही तुम्हाला काढलेलं नाहीये. फक्त रिन्यू केलेलं नाहीये." मी म्हटलं, हेच लेखी दे. तर म्हणाला, काढलेलं नसल्यामुळे कारण द्यावं लागत नाही, आणि कारणच नसल्यामुळे लेखी देण्यासारखं काही नाही. मी त्या वाक्यात कुठे बोट ठेवता येतं का ते शोधत बसले. त्याने पाणी मागवलं. त्याच आठवड्यात मी नव्या मुलींना आपत्कालीन दरवाजा उघडायला शिकवत होते, त्याबद्दल आलेलं कौतुकाचं ईमेलही त्याला दाखवलं. त्याने मनापासून वाचलं आणि म्हणाला, "ग्रेट मॅम." वय हा शब्द ना त्याच्या तोंडून आला, ना कागदावर.

एअर इंडियाने निदान तो शब्द उघड लिहिला होता. एअर होस्टेसला पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती, किंवा पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हा, यांपैकी जे आधी घडेल ते. त्याच विमानात त्याच ट्रॉल्या ढकलणारे पुरुष 58पर्यंत. पस्तिशीनंतर 45पर्यंत मुदतवाढ द्यायची की नाही, हे मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध लढल्या. 1981मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचं कलम आणि ती मर्जी, दोन्ही रद्द केली. लग्नाची चार वर्षांची अट मात्र ठेवली, आणि ती ठेवताना कुटुंबनियोजनालाही हातभार लागेल असं म्हटलं! पुढे आकाशात किती वर्षं राहायचं यावर पुन्हा खटले. 2001मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, बायकांना पन्नासाव्या वर्षी जमिनीवर उतरवणं हा भेदभाव आहे. 2003मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. त्यानंतर सरकारनेच 58पर्यंत उडायची मुभा दिली. तरी इन-फ्लाइट सुपरवायझर, म्हणजे केबिनची प्रमुख, बाईने व्हायचं की नाही हा वाद 2011पर्यंत न्यायालयात होता. पुरुष सहकाऱ्यांची हरकत होती.

या बायकांनी 35, 45, 50, 58 अशी एकेक पायरी भांडून मिळवली. आता बऱ्याच खासगी कंपन्यांना वयाचं कलमच लागत नाही, ठरावीक मुदतीचा करार पुरतो. ज्येष्ठता यादीत नाव वर चढायच्या आत यादीच बदललेली असते. अमेरिकेत बेटी नॅश नावाच्या बाई 1957मध्ये हवाई सेविका झाल्या आणि ऐंशी ओलांडल्यावरही सेवेत होत्या. 2024मध्ये, 88व्या वर्षी गेल्या. ज्येष्ठ म्हणून मार्ग निवडायचा हक्क होता, म्हणून वॉशिंग्टन–बोस्टन असा रात्री घरी परतता येणारा मार्ग त्यांनी धरून ठेवला. घरी मतिमंद मुलगा होता. आपल्याकडे त्यांचा व्हिडिओ फिरला तेव्हा आमच्याच फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'चहा आणेपर्यंत विमान उतरेल.'

हे लिहिताना एक गोष्ट गिळावी लागते. मुलाखतीला माझ्याबरोबर अंबरनाथची एक मुलगी होती. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, डोकं शांत, तोंडावर मुरमांचे डाग. ती दुसऱ्या फेरीत बाद झाली. ज्या चेहऱ्याच्या फ्लेक्सवर मी इतकी भडकले, त्याच चेहऱ्याने तिला मागे टाकून मला नोकरी दिली होती. शिवाय शेवटच्या वर्षांत माझे गुडघे बोलायला लागले होते. चढणाऱ्या विमानात भरलेली ट्रॉली पायाने अडवून धरायची म्हणजे काय, ते 58चा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा करून बघावं. मग वाटतं, बरं झालं सुटले. आणि तो सव्विसचा मुलगा आठवला की परत तळपायाची आग मस्तकात.

क्लास मात्र मी सोडला नाही. पहिल्या रविवारी मुली बसल्या होत्या त्या केसांचा बन आणि लिपस्टिकची शेड विचारायला. मी त्यांना जंपसीटवर बसायला शिकवलं. पाय जमिनीला टेकलेले, हात मांड्यांखाली, आणि टेकऑफच्या वेळी मनातल्या मनात उजळणी: माझं दार कुठलं, हँडल कुठल्या बाजूला फिरतं, काचेतून बाहेर आग दिसते का, मदतीला धडधाकट प्रवासी कुठल्या रांगेत आहे. प्रवाशांना वाटतं बाई शोभेला बसली आहे. पन्नास आसनांमागे एक सेविका असते ती चहासाठी नाही. निम्मी दारं बंद धरून नव्वद सेकंदांत विमान रिकामं होतं, हे दाखवल्याशिवाय त्या विमानाला परवानगीच मिळत नाही. मग म्हटलं, ओरडा: "सामान सोडा! इकडे या!" एकीचाही आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचेना. घरी कोणी ओरडू दिलेलंच नव्हतं. चौथ्या खेपेला खालचा मेडिकलवाला धावत वर आला.

शेवटी वांगणीच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही सोडलीत की तुम्हाला काढलं?"

"मुदत संपली."

"म्हणजे काढलंच ना?"

सर दारात उभे होते. मी तिला सांगितलं, करार हातात आला की आधी मुदतीचं कलम वाच, पगाराचं नंतर. आणि इथल्या फीच्या पावतीमागचं बारीक अक्षरातलंही. दोन मुलींनी तिथल्या तिथे पावत्या उलटवल्या.