एकशेंवीस फूट

प्रवासास निघण्यापूर्वीं थोरल्या काकांच्या पायां पडावयास गेलों, तेव्हां त्यांनीं आमच्यापाशीं एकच वस्तु मागितली. "तुम्ही त्या राइट बंधूंच्या जागीं जाणार ना? मग तेथील मूठभर वाळू घेऊन या. आपल्या चौपाटीची वाळू तिच्याहून आठ वर्षांनीं वडील आहे, असें मला तिला एकदां सांगावयाचें आहे."

काकांचें वय आतां नव्वदीच्या घरांत आहे. आमच्या घरांतील तीन पिढ्यांनीं त्यांच्या तोंडून शिवकर बापूजी तळपदे यांची कथा ऐकलेली आहे : १८९५ सालीं मुंबईच्या चौपाटीवर तळपद्यांनीं 'मरुत्सखा' नांवाचें विमान उडविलें, तें पंधराशें फूट उंच गेलें, आणि न्यायमूर्ति रानडे व सयाजीराव महाराज तें पाहावयास जातीनें हजर होते. आम्हींहि ती कथा काकांपासून घेतली आणि तीस वर्षें शाळेंत मुलांना सांगितली. सांगतांना वर्गांतील मुलांचे चेहरे खुलत व आमचाहि ऊर भरून येई. ती खरी कशावरून, असें एकाहि मुलानें आम्हांस कधीं विचारलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींहि स्वतःला विचारलें नाहीं.

आमचे धाकटे बंधु नोकरीनिमित्त अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील रॅले शहरीं राहतात. गेल्या शरदृतूंत त्यांच्याकडे गेलों असतां एके दिवशीं पहांटेस मोटारीनें पूर्वेकडे निघालों. रस्ता सरळ, दुतर्फा पाइन वृक्षांचीं दाट वनें, आणि मधून मधून फुटलेल्या बोंडांनीं पांढरीं झालेलीं कापसाचीं शेतें. तीं पाहून आमच्या मंडळींना आपलें वऱ्हाडांतील माहेर आठवलें. पुढें जमीन सखल व पाणथळ होत जाते. मग सुमारें पांच मैलांचा एक लांबच लांब पूल लागतो. तो व नंतरची खाडी ओलांडली, कीं माणूस समुद्रांत काढलेल्या रेघेसारख्या एका चिंचोळ्या वालुकामय बेटावर येतो. एका बाजूस खाडीचें संथ पाणी आणि दुसऱ्या बाजूस अटलांटिक महासागर!

गाडीचें दार उघडतांच पहिली भेट वाऱ्याची झाली. मंडळींना दोन्ही हातांनीं पदर सांवरावा लागला. ह्या वाऱ्यासाठींच तर दोघे बंधु येथें आले होते. विल्बर व ऑर्व्हिल यांचें घर येथून शेंकडों मैल दूर, ओहायो संस्थानांतील डेटन गांवीं. तेथें त्यांचें सायकलींचें दुकान होतें. एकसारखा वारा, मऊ वाळू व झाडें नसलेलें मैदान त्यांना हवें होतें. विल्बरनें सरकारी वेधशाळेकडून वाऱ्याच्या जागांची माहिती मागविली व किटी हॉक ह्या कोळ्यांच्या वस्तीस पत्र पाठविलें. तेथील बिल टेट नांवाच्या गृहस्थानें अगत्यपूर्वक उत्तर दिलें, आणि १९०० सालीं विल्बर येऊन टेट यांच्याच घरीं उतरला. ग्लायडरच्या, म्हणजे इंजिनावांचून तरंगणाऱ्या यानाच्या, पंखांचें कापड त्यानें टेटबाईंच्या शिवणयंत्रावर शिवलें. प्रयोग संपल्यावर टाकून दिलेल्या त्या यानाचें साटीन काढून बाईंनीं आपल्या दोन मुलींचे झगे शिवले! ही हकीकत ऐकून आमच्या मंडळींचें त्या टेटबाईंशीं तत्काळ सख्य जमलें.

किल डेव्हिल हिल्स हें ठिकाण किटी हॉकच्या दक्षिणेस सुमारें चार मैलांवर आहे. येथील मोठी टेंकडी नव्वद फूट उंच असून तिच्या माथ्यावर साठ फूट उंचीचा, १९३२ सालीं उभारलेला ग्रॅनाइटचा स्तंभ आहे. बंधूंच्या काळीं ही टेंकडी म्हणजे नुसता वाळूचा ढीग होता. वाऱ्याबरोबर ती जागा बदलीत असे. स्मारक बांधण्याआधीं तिच्यावर गवत लावून तिला प्रथम स्थिर करावें लागलें. पायथ्याशीं मैदानांत एक मोठी शिळा आहे. विमानानें जमीन सोडली ती ही जागा. तेथून उत्तरेस ओळीनें चार लहान दगड आहेत. १७ डिसेंबर १९०३ रोजीं झालेलीं चार उड्डाणें जेथें जेथें टेंकलीं, तेथें तेथें एकेक दगड.

आमचा दहा वर्षांचा पुतण्या शिळेपासून पहिल्या दगडापर्यंत धांवत गेला आणि धाप लागण्यापूर्वींच पोंचला. मागें वळून तो म्हणाला, "काका, एवढेंच?"

तें एवढेंच होतें. एकशेंवीस फूट! आजच्या जंबो विमानाच्या पंखांची रुंदीच दोनशें फुटांच्या आसपास असते. दुसरें उड्डाण १७५ फूट, तिसरें २०० फूट. चौथा दगड मात्र पुष्कळ लांब आहे : ८५२ फूट व ५९ सेकंद. पुतण्याच्या तोंडचा प्रश्न आमच्याहि मनांत आला होता. पंधराशें फूट उंच चढलेलें विमान लहानपणापासून डोळ्यांपुढें असलेल्या माणसास हे दगड फारच जवळजवळ वाटले.

त्या दिवसाची हकीकत अशी. तीन दिवस आधीं नाणें उडवून पहिला मान विल्बरनें जिंकला होता, परंतु यान वर उचलतांच वाळूंत आपटलें. दुरुस्तीनंतर पाळी ऑर्व्हिलची आली. सतरा तारखेस कडाक्याची थंडी होती, डबक्यांवर बर्फ धरलें होतें, आणि वारा ताशीं वीस मैलांहून अधिक वेगानें वाहत होता. साक्षीदार पांच, त्यांतील तिघे जवळच्या जीवरक्षक ठाण्यावरील, व एक पोरसवदा मुलगा. दहा वाजून पस्तीस मिनिटांनीं ऑर्व्हिल खालच्या पंखावर पालथा पडला आणि यान रुळावरून सुटलें. बारा सेकंदांत सारें आटोपलें. परंतु यान रुळावरून उचलतांच जॉन डॅनियल्स ह्या ठाणेकऱ्यानें, ऑर्व्हिलनें आगाऊ रोखून ठेवलेल्या कॅमेऱ्याची कळ दाबली. त्यानें त्यापूर्वीं कधीं छायाचित्र घेतलेलें नव्हतें. चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याच्या एका झोतानें यान उलथून मोडलें. तें पुन्हां कधीं उडालें नाहीं. छायाचित्र मात्र राहिलें.

तेथील संग्रहालयांत त्या यानाची प्रतिकृति आहे. तिच्यासमोर उभे राहिल्यावर पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर हळूहळू उमगूं लागलें. नुसतें वर उचललें जाणें हा ह्या बंधूंचा शोध नव्हेच. जर्मनींत ऑटो लिलिएंथाल त्यांच्यापूर्वीं शेंकडों वेळां हवेंत तरंगला होता. १८९६ सालीं तोल जाऊन पडल्यानें त्याचा अंत झाला. बंधूंनीं ओळखलें, कीं अडचण पंखांची नाहीं, इंजिनाचीहि नाहीं. अडचण तोल सांभाळण्याची आहे. सायकल चालविणारासच हें सुचावें! सायकल उभी केली तर पडते; स्वार तिला क्षणोक्षणीं सांवरतो म्हणून ती चालते. १८९९ सालीं दुकानांत ट्यूबचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा हातांत पिळतां पिळतां विल्बरला दिसलें, कीं पंखहि असेच पिळतां आले तर एका बाजूस अधिक उचल मिळेल व दुसऱ्या बाजूस कमी, आणि कललेलें यान सरळ होईल.

१९०१ सालचें त्यांचें मोठें ग्लायडर मात्र फसलें. गणितानें जेवढी उचल यावयास हवी होती, तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच येई. विल्बर इतका खिन्न झाला, कीं आपल्या हयातींत माणूस उडणार नाहीं, असें तो परततांना म्हणाला. घरीं गेल्यावर दोघांनीं जें केलें तें आम्हांस त्या सतरा तारखेहून मोठें वाटतें. आपलें चुकलें कीं थोरांचीं कोष्टकें चुकलीं, हें त्यांनीं मोजून पाहावयाचें ठरविलें. सहा फूट लांबीची एक लांकडी पेटी घेतली, तिच्या एका तोंडास पंखा बसविला, आंत करवतीच्या पात्यांचा व सायकलच्या आऱ्यांच्या तारेचा तराजू टांगला, आणि पत्र्याचे चिमुकले पंख कापून सुमारें दोनशें आकार त्या वाऱ्याच्या बोगद्यांत तपासले. तेव्हां आढळून आलें, कीं वाऱ्याच्या दाबाचा जो गुणांक पुष्कळ जण १७५९ पासून स्मीटन ह्या नामांकित इंग्रज इंजिनियराच्या नांवावर ०.००५ असा धरीत आले होते, तो वास्तविक ०.००३३ च्या जवळपास आहे.

पुढचें सारें ह्या मोजणींतून निघालें. १९०२ च्या ग्लायडरचे पंख लांब व अरुंद झाले. मागील शेपूट प्रथम स्थिर होतें. तें सुकाणूंसारखें फिरतें केलें, म्हणून वळतांना यान घसरून पडणें थांबलें. वर-खालीं, डावें-उजवें व कलणें ह्या तिन्ही दिशांनीं यान वैमानिकाच्या ताब्यांत आलें. आज पंख पिळीत नाहींत, त्यांच्या कडेस हलत्या पट्ट्या असतात. पण तीन दिशांचा ताबा हें तत्त्व आजच्या प्रत्येक विमानांत तेंच आहे. १९०६ सालीं त्यांना जें पेटंट मिळालें तेंहि इंजिनाचें नव्हतें, ह्या ताब्याचें होतें. इंजिन तर दुकानांतील चार्ली टेलर ह्या कारागिरानें सहा आठवड्यांत घडविलें. शक्ति अवघी बारा अश्वांची. ह्या सर्व खटाटोपास हजार डॉलरहि लागले नाहींत. त्याच वेळीं प्रसिद्ध शास्त्रज्ञ लँग्ले यांस युद्धखात्यानें पन्नास हजार डॉलर दिले होते, व त्यांचें यान डिसेंबरच्या आठ तारखेस पोटोमॅक नदींत दुसऱ्यांदा कोसळलें होतें.

ह्या लँग्ले यांच्या नांवावरून पुढें जें झालें, तें वाचतांना आमची मान खालीं गेली. लँग्ले हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांच्या पश्चात् १९१४ सालीं त्यांचें यान पुष्कळ फेरफार करून थोडेंसें उडविण्यांत आलें, आणि उड्डाणास समर्थ असें पहिलें विमान तेंच, असें संस्थेनें जाहीर केलें. हेतु आपल्या दिवंगत प्रमुखाचा गौरव करण्याचा. ऑर्व्हिलनें चिडून आपलें मूळ विमान १९२८ सालीं लंडनच्या सायन्स म्युझियमकडे धाडलें. अखेरीस १९४२ सालीं संस्थेनें ते फेरफार जाहीर करून चूक कबूल केली. विमान १९४८ सालीं मायदेशीं परतलें. परंतु ऑर्व्हिल त्याच वर्षाच्या जानेवारींत वारला होता.

आपल्या माणसाच्या प्रेमानें एवढी मोठी विद्वान् संस्था चुकली. मग आम्ही तीस वर्षें काय करीत होतों? तळपद्यांच्या उड्डाणाचा त्या काळचा विश्वसनीय पुरावा आजवर पुढें आलेला नाहीं : मोजमापांची वही नाहीं, छायाचित्र नाहीं. प्राचीन म्हणून सांगितला जाणारा 'वैमानिकशास्त्र' ग्रंथ तर बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं तपासला. तो विसाव्या शतकांतील असून त्यांतील यानें उडण्याजोगीं नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष. तळपद्यांच्या ध्यासाविषयीं आमचा आदर कमी झालेला नाहीं. परंतु त्यांच्या हातून जें झाल्याचा पुरावा नाहीं, तें त्यांच्या नांवावर घालून आम्हीं त्यांचा मान वाढविला नाहीं. मुलांना मात्र न मोजतां मानावयास शिकविलें.

परत आल्यावर काकांकडे गेलों. "वाळू आणली?" हा पहिला प्रश्न. तेथून कांहीं उचलण्याची मनाई आहे, असें सांगून आम्हीं पाहिलेलें सर्व निवेदन केलें. चौपाटीविषयींहि, जड जिभेनें, सांगितलें. काका बराच वेळ बोलले नाहींत. मग काठी घेऊन उठले. "एकशेंवीस फूट म्हणजे माझीं किती पावलें?" आम्हीं हात धरला. ओसरीवर चार येरझारा घालून ते खाली बसले. निम्मेंहि अंतर झालें नव्हतें.

"कमी नाहीं," ते म्हणाले. थोड्या वेळानें पुन्हां म्हणाले, "तळपद्यांची वही कोणाच्या माळ्यावर असली तर शोधा. सांपडली तर मला आधीं सांगा. तोंवर मुलांना सांगतांना 'असें म्हणतात' एवढें जोडीत जा."

आमचे विद्यार्थी आतां चोहोंकडे पांगले आहेत; कित्येक स्वतः मुलांचे बाप व आया झाले असतील. त्यांच्यापैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडला, तर आमच्या त्या धड्यांत त्यांनीं हे दोन शब्द घालून घ्यावे, अशी विनंति आहे.