चारशे दहा ग्रॅम

आमच्या गल्लीत दर रविवारी येणाऱ्या रद्दीवाल्याकडे लटकता डिजिटल काटा आहे. त्याच्या हुकात सायकलची सीट अडकवून त्याने ती उचलली आणि पडद्यावर आकडा स्थिरावला : १५.८०. "लोखंडाच्या भावात टाकू का, साहेब?" मी हसलो. पण तो अगदीच चुकत नव्हता. फ्रेमवर मोठ्या अक्षरांत 'ॲलॉय' लिहिलं होतं आणि फ्रेम ॲलॉयची होतीही. पण तिला टांगलेल्या वस्तूंपैकी निम्म्याअधिक लोखंडी. पुढची तिन्ही चक्रं, स्प्रिंगचा चिमटा, सीटचं बूड, स्टँड.

साडेसत्तावीस इंची चाकांची ही माउंटन बाइक मी सहा वर्षं दामटली होती. आठवडाभर ऑफिस आणि दूध-भाजी, शनिवारी वेताळ टेकडी, जमलं तर रविवारी सिंहगड. नवी हलकी सायकल घ्यायची म्हणजे घरी विषय काढणं आलं. त्यापेक्षा आहे हिलाच बारीक करू, दहा हजारांच्या आत, असं ठरवून एक वही घातली. रकाने चार : वस्तू, गेलेले ग्रॅम, गेलेले रुपये, आणि ग्रॅममागे किती रुपये पडले. सुटे भाग तोलायला बायकोचा केकचा काटा. "ग्रीस लागलं तर नवा आणायचास," या अटीवर मिळाला. नवा साडेचारशेला येतो, हे मी त्याच रात्री बघून ठेवलं.

पहिल्या रात्रीची कमाई फुकटची. स्टँड ४१० ग्रॅम. चाकांतले आणि पायडलांवरचे रिफ्लेक्टर १२०. चेनवरचं प्लास्टिकचं कव्हर ९५. मागच्या दातेरी चक्रांमागची पारदर्शक तबकडी ६०. चेन उडून स्पोकमध्ये घुसू नये म्हणून ती असते, आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरचे स्क्रू नीट लावलेले असले तर तिचं काम पडत नाही. असले तर. मागचा लाल रिफ्लेक्टर तेवढा ठेवला, कारण पहाटे पाचला सिंहगड रस्त्यावर डंपर असतात. पावणेसातशेच्या वर ग्रॅम गेले आणि चौथ्या रकान्यात शून्य. असं पान पुन्हा लिहायला मिळालं नाही.

दुसऱ्या रात्री करवत काढली. हँडल ७२ सेंटिमीटरचं ६८ केलं, सीटचा पाइप खालून आठ सेंटिमीटर कापला. पाइपवर एक रेघ कोरलेली असते, निदान इथवर तरी तो आत हवा, अशी. पाइप कापला की ती रेघ कुचकामी होते. मग आत किती राहिला ते आपणच मोजायचं. मी बुटका, माझी सीट खाली, म्हणून दहा सेंटिमीटर आत राखून कापता आला. उंच माणसाने या फंदात पडू नये. दीड तास करवत, अर्धा तास कानस, आणि तुकडे केकच्या काट्यावर ठेवले तर ५६ ग्रॅम. एक अंडं.

खरा माल चिमट्यात होता. स्वस्त माउंटन बाइकला पुढे जो स्प्रिंगचा चिमटा येतो त्याच्यावर दुकानात पोरं दाबून दाबून खूश होतात. मीही झालो होतो. चढावर उभं राहून पायडल मारलं की तो वर-खाली नाचतो, म्हणजे पायातला जोर रस्त्याला मिळायच्या आधी स्प्रिंग खाते. माझा २,६५० ग्रॅम भरला. हवेचा चिमटा घ्यायचा तर पंधरा हजारांच्या घरात, आणि त्यात वाचणार नऊशे ग्रॅम. ग्रॅमला साडेसोळा रुपये. स्प्रिंग नसलेला साधा पोलादी चिमटा मात्र अकराशे-साडेअकराशे ग्रॅमचा असतो आणि कुणालाच नको असल्यामुळे स्वस्तही.

पण वाटेल तो बसत नाही. वरचा दांडा त्याच जाडीचा हवा, डिस्क ब्रेकसाठी कान हवेत, आणि मुख्य म्हणजे उंची. स्प्रिंगचा चिमटा उंच असतो. त्या जागी आखूड घातला की सायकलचं नाक खाली जातं, चिमट्याचा कोन उभा होतो आणि उतारावर हँडल विंचू चावल्यासारखं वळतं. स्प्रिंगची उंची धरून मुद्दाम लांब बनवलेले साधे चिमटे असतात. तसा एक हुडकायला मला दोन महिने लागले. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी खेटे घातले, तिथे नाहीच मिळाला. शेवटी एका ओळखीच्या पोराच्या माळ्यावर निघाला. अकराशे रुपये.

तो घेऊन मी मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी आधी टेपने मोजला, मग माझ्याकडे बघितलं.

"चढेल का, काका?"

"चढेल. पण एक-दीड इंच खाली याल. मान दुखली तर डॉक्टरकडे जायचं, माझ्याकडे नाही."

जुना चिमटा काढताना छर्रे ज्यावर फिरतात तो खालचा कोन निघेना. काकांनी चिमटा उलटा धरून बोथट छिन्नी लावली आणि चारही बाजूंनी हलके हलके टोले देत तो कणाकणाने सरकवला. एकाच बाजूने ठोकला तर तिरका होऊन अडकतो, मग नवा घ्यावा लागतो. छर्रे रॉकेलमध्ये धुतले, एकेक बोटावर फिरवून बघितला, नवं ग्रीस भरलं. जुना चिमटा तिथेच उघडला, निव्वळ कुतूहल म्हणून. एका नळीत गंजलेली स्प्रिंग होती. दुसऱ्या नळीत काही नव्हतं. सहा वर्षं मी एका पायाची उशी आणि एक रिकामी नळी सिंहगडावर चढवत होतो. दीड किलो गेलं, ग्रॅमला जेमतेम पाऊण रुपया पडला. वहीतला हा आकडा मी भेटेल त्याला दाखवत असे.

टेकडीच्या उतारावर मग कळलं की ती एक स्प्रिंगही काहीतरी करत होती. पहिल्या शनिवारी खाली आलो तेव्हा बोटांना मुंग्या आणि दातांत दगड. कोपर वाकवून ठेवायचं, बूड सीटवरून उचलायचं, दगड आधी बघायचा आणि मग चाक न्यायचं, हे सगळं सहाव्या वर्षी नव्याने शिकलो. पुढच्या टायरमधली हवा कमी केली. आता बरं चाललंय. पण कुणी विचारलं तर मी ज्याची टेकडी खडकाळ आहे त्याला हा सल्ला देत नाही.

गिअरमध्येही तेच झालं, फक्त उलट बाजूने. पुढची तीन चक्रं काढून ३२ दातांचं एकच लावलं. डावा शिफ्टर, पुढचा डिरेलर, केबल, सगळं गेलं. सहाशे ग्रॅम, तेराशे रुपये. तीन चक्रांचे लांब बोल्ट एका चक्रावर ढिले राहतात, तिथे वायसर भरले. दिसायला सायकल एकदम सुटसुटीत. मात्र आधी पुढे २४ आणि मागे ३२ दात अशी जोडी होती. आता पुढे-मागे दोन्हीकडे ३२. म्हणजे सगळ्यात हलका गिअर एका झटक्यात तेहतीस टक्के जड. सिंहगडाच्या उभ्या वळणांवर गुडघ्यांनी हे गणित माझ्याआधी सोडवलं. पुढचं चक्र आणखी लहान करावं तर माझ्या क्रँकच्या बोल्टांचा घेर आड येतो. उपाय एकच, मागे ४० दातांची मोठी कॅसेट, आणि डिरेलर खाली आणायला एक जोडपट्टी. एकवीसशे रुपये देऊन मी १३० ग्रॅम विकत आणले. वहीत याला रकाना नव्हता, अधिक चिन्ह काढून समासात लिहिलं.

सीट आणि पायडलांचं थोडक्यात : जेलची गुबगुबीत सीट जाऊन बारीक आली, ३१० ग्रॅम कमी, नायलॉनचे पायडल, ८० कमी. कार्बनचं बिननावाचं हँडल ऑनलाइन फार स्वस्तात दिसत होतं. अमेरिकन सायकल-कारागीर कीथ बॉन्ट्रॅगर यांचं म्हणणं सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे : मजबूत, हलकं, स्वस्त, यातले कोणतेही दोन घ्या. हलकं आणि स्वस्त हँडल तुटतं तेव्हा त्याच्यामागे आपले दात असतात. ते घेतलं नाही.

मग टायर. तारेच्या कडेचे जाऊन घडीचे आले. दोन्ही मिळून ३२० ग्रॅम, ग्रॅमला दहा रुपये. हे महाग पडलं हे मान्य, पण चाकाच्या कडेचं वजन दुप्पट लागतं असं सगळे सांगत होते. अर्धसत्य आहे ते. वेग घेताना कडेवरचा ग्रॅम साधारण दोन ग्रॅमसारखा वागतो. एका लयीत घाट चढताना तो एकच ग्रॅम असतो. मी मुख्यतः एका लयीत चढतो. हे मला टायर घेतल्यावर सुचलं.

त्या भरात ट्यूबही बदलल्या. रबरी ट्यूब २१० ग्रॅमची. टीपीयू नावाच्या प्लास्टिकची नारिंगी ट्यूब ७०. हातात घेतली तर फुग्यासारखी. दोघींचे पंधराशे. सायकल १२.१० वर आली आणि मला बाराच्या खालचे आकडे स्वप्नात दिसू लागले. सायकलपटू एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर काढले ती कोल्नागोने बनवलेली सायकल पावणेसहा किलोच्या आसपास होती. चेनच्या कड्यांनासुद्धा भोकं पाडून तिचं वजन उतरवलं होतं. ते वाचून मी ब्रेकच्या खटक्यांवर पेन्सिलने टिंबं काढली. ड्रिल मशीन शेजाऱ्यांकडे होतं.

सुदैवाने मध्ये शनिवार आला. टेकडीवर माती मऊ होती, मी जरा कडेने घेतली आणि मागून फुस्स. बाभळीचे काटे जोडीने असतात. वर दिसणारा उपटला तरी दुसरा मोडून आत राहतो. टायरच्या आतून बोट फिरवल्याशिवाय सापडत नाही आणि सापडतो तो बोटालाच. तो काढला. ट्यूब घासली, सोल्यूशन लावलं, ठिगळ दाबून पाच मिनिटं धरलं. हवा भरली तसं ठिगळ अलगद सुटून आलं. टीपीयूला रबराचं सोल्यूशन धरत नाही, तिचं ठिगळ वेगळं असतं. पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. खांद्यावर सायकल टाकून खाली उतरलो. हलकी लागत होती, खोटं कशाला बोला.

त्या संध्याकाळी जुन्या रबरी ट्यूब परत घातल्या आणि स्कूटरवाले घालतात तसलं पंक्चर थांबवणारं औषध प्रत्येकीत साठ ग्रॅम ओतलं. ट्यूबलेसचाही घाट घालून पाहिला होता. जुन्या रिमने दाद दिली नाही. चाकं आता सुरुवातीला होती त्या वजनाच्या बरीच जवळ आली आहेत. तेव्हापासून पंक्चर नाही. खटक्यांवरची टिंबं पुसली.

बेरीज : साडेबारा किलो. सव्वातीन किलोच्या वर उतरले, खर्च ११,२५०. मर्यादा मोडली ती नारिंगी ट्यूबांनी. सिंहगडाचा घाट गोळेवाडीपासून वरच्या पार्किंगपर्यंत साधारण नऊ किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास. मी आणि सायकल मिळून ब्याण्णव किलो, पायांत दीडशे वॅट धरले तर नुसतं उचलायलाच तासभर लागतो. सव्वातीन किलो कमी झाले की त्यातली दोन मिनिटं वाचतात. मला तीन वाचली. एक मिनिट त्या दिवशीच्या थंडीचं असणार. माझी पाण्याची बाटली आणि सीटखालची अवजारांची पिशवी मिळून पावणेदोन किलो भरतात. ती दोन्ही मी काट्यावर आजवर चढवलेली नाहीत.

राहता राहिला स्टँड. बिनस्टँडची सायकल दुधाच्या केंद्रासमोर कशाला तरी टेकवावी लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती शेजारच्या काकूंच्या स्कूटरवर दोनदा कलंडली. दुसऱ्यांदा काकू काही बोलल्या नाहीत, फक्त स्कूटर दूर लावू लागल्या. मग मी सोमवारी स्टँड लावायचा आणि शनिवारी पहाटे काढायचा, असं सुरू केलं. परवा मिस्त्रीकाकांनी स्टँडचा बोल्ट बघितला. "अजून दोन-चारदा उघडलात तर आटे जातील," म्हणाले. "काय ते एकदा ठरवा."

आज शुक्रवार. पान्हा काढून ठेवलाय, बोल्टला अजून लावलेला नाही.