आदर एकाला, कान दुसऱ्याला

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठात कृष्णवर्णीय संस्कृतीचा अभ्यास करणारा श्रोता डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या निबंधांत पब्लिक एनिमी, कॉमन, तालिब क्वेली ही नावे आदराने येतात. वंशभेद, तुरुंग, दारिद्र्य यांविषयी या रॅपकारांनी काय म्हटले आहे, हे तो नेमकेपणाने सांगू शकतो. निबंध पुरा करून तो मोटारीत बसतो, काचा वर करतो आणि जे लावतो त्यात पैसा, पिस्तूल, दारू आणि बाईचे शरीर यांखेरीज फारसा विषय नसतो. ते मात्र त्याला तोंडपाठ असते. आदर एकाला आणि कान दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे. तिचा त्याला थोडा संकोचही वाटतो. पण हा संकोच त्याच्या समीक्षेत कोठेही उमटत नाही. ज्याची स्तुती करायची ते ऐकायचे नाही आणि जे ऐकायचे त्याविषयी मौन पाळायचे, अशा समीक्षेवर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न रॅपपुरता मर्यादित नाही. पण रॅपमध्ये तो अधिक उघडा पडतो.

प्रथम शब्दाविषयी. या दुसऱ्या प्रकारच्या गाण्याला त्याचे चाहते ‘इग्नोरंट’ म्हणतात आणि ते शिवी म्हणून म्हणत नाहीत. ‘अज्ञानी’ हा त्याचा मराठी पर्याय कोशाला चालेल, अर्थाला चालणार नाही. कृष्णवर्णीयांच्या बोलीत या शब्दाला उद्धट, मुद्दाम असभ्य, सभ्यतेला वाकुल्या दाखवणारा अशी छटा आहे. ‘अडाणी’ हा शब्द त्याच्या जवळ जातो. पण त्यात एक भर घालावी लागते. हे अडाणीपण पांघरलेले आहे. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्याला पेडगावचा रस्ता पक्का ठाऊक असतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तेव्हा जाणते विरुद्ध नेणते असा हा सामना नाही. जाणतेपण उघड मिरवणाऱ्या आणि ते झाकून ठेवणाऱ्या अशा दोन रीतींमधील निवड श्रोता करीत असतो.

श्रोत्याच्या या निवडीचे एक उत्तर बाजारातून दिले जाते आणि ते खोटे नाही. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने नभोवाणी केंद्रांच्या मालकीवरील मर्यादा सैल केल्या. काही वर्षांतच एकट्या क्लिअर चॅनल या कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रे आली. तीच ती गाणी देशभर वाजू लागली. ट्रिशा रोझ यांनी २००८ च्या ‘द हिप हॉप वॉर्स’ या ग्रंथात या एकसुरीपणामागे उद्योगाचा हात कसा आहे, हे विस्ताराने दाखवले आहे. श्रोत्याला जे दिले जाते तेच तो मागतो, हे त्यात पुष्कळ अंशी खरे ठरते. पण केवळ पुरवठ्याने आवड घडत असेल, तर कंपन्या येण्यापूर्वीच्या काळाचे काय करायचे? ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील सेजविक अॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत कूल हर्कने जे संगीत वाजवले, ते नाचण्यासाठी होते. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ने रॅपला देशभर नेले, तेव्हा त्यात बढाई, खाणेपिणे आणि चेष्टाच होती. समाजस्थितीचे भान घेऊन आलेले ‘द मेसेज’ हे गाणे १९८२ चे, म्हणजे नंतरचे. ज्या ग्रँडमास्टर फ्लॅशच्या संचाच्या नावावर ते आहे, तो संच ते गायला फारसा राजी नव्हता. मुख्यतः मेली मेल आणि ड्यूक बूटी यांनीच ते रचले आणि गायिले. घरची दैना विसरून नाचायला आलेल्यांना तीच दैना कोण ऐकवणार, ही इतरांची शंका होती. ती शंका दुकानदाराची नव्हती, मांडवात उभ्या असलेल्या कलावंताची होती.

वादही रॅपहून जुना आहे. १९२६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी सर्व कला हा प्रचारच असतो आणि असायला हवा, असे ठासून मांडले. त्याच वर्षी लँग्स्टन ह्यूज यांनी आपल्याच समाजातील सुशिक्षितांना ज्यांची लाज वाटते अशा साध्या, खुशालचेंडू माणसांच्या ब्लूजची बाजू घेतली. झोरा नील हर्स्टन यांची १९३७ ची कादंबरी रिचर्ड राइट यांना गोऱ्या वाचकाच्या करमणुकीसाठी केलेले सोंग वाटली होती. पुढे वाचकांनी तिला काय स्थान दिले, हे सर्वज्ञात आहे. त्याहीमागे १८९५ मध्ये सेंट लुइसच्या एका दारूच्या गुत्त्यात झालेल्या खुनावरून रचली गेलेली स्टॅगोलीची गीते आहेत. खुनी माणसाला नायक करणारी ही गीते पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली, आणि ती गाणारे लोक खुनाचे समर्थक नव्हते. मराठी समीक्षकाला ही बाजू थोडी अनोळखी आहे, याचे कारण त्याने हे साहित्य विद्रोहाच्या वाटेने ओळखले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तेथून घेतले. साहजिकच त्याचे कान निषेधाचा स्वर आधी शोधतात आणि हसण्याचा स्वर त्यांना उशिरा ऐकू येतो.

मग बांधिलकी मानणाऱ्या गाण्यात श्रोत्याला खटकते ते काय? विचार खटकतो असे म्हणता येत नाही. विचाराशी तो बहुधा सहमतच असतो. खटकते ती त्याला दिलेली जागा. मम्मटाने उपदेशाचे प्रभुसंमित, सुहृत्संमित आणि कांतासंमित असे भेद केले आणि काव्याकडे शेवटचा सोपवला. बांधिलकीच्या रॅपचा बराच भाग प्रभूच्या स्वरात बोलतो, आणि स्वतःला मित्र समजतो. त्याच्या व्याकरणात ‘मी’ हा कवीचा असतो. श्रोत्याच्या वाट्याला ‘तू’ येतो: तू झोपला आहेस, तू फसला आहेस, तू जागा हो. अल्थुसर यांनी विचारप्रणाली व्यक्तीला कशी घडवते हे सांगताना रस्त्यावरच्या पोलिसाच्या हाकेचे उदाहरण घेतले होते. हाक ऐकून जो वळतो, तो त्या वळण्यातच अंकित होतो. ज्या संगीतात पोलिसाच्या हाकेइतके भयप्रद दुसरे काही नाही, त्याच संगीतातील सद्हेतूच्या गाण्याने श्रोत्याला तशीच हाक मारावी, यातील विनोद कडवट आहे.

अडाणी रॅपमधील ‘मी’ वेगळा आहे. बेन्वेनिस्त यांनी दाखवल्याप्रमाणे हे सर्वनाम मुळात रिकामे असते. जो उच्चारतो त्याचे ते होते. बढाईच्या गाण्यात ही रिकामी जागा कवी भरून टाकीत नाही, उलट अतिशयोक्तीने ती इतकी मोठी करतो की कोणीही तीत शिरावे. इतकी गाडी, इतके सोने, इतके शत्रू कोणाजवळच नसतात. म्हणून ते सर्वांचे होऊ शकतात. दिवसभर वरिष्ठांपुढे मान लववून आलेला कारकून तीन मिनिटे कोणालाही न भिणारा होतो. त्याला तसे व्हायचे नसते, तसे बोलून पाहायचे असते. गाणे ऐकणे आणि गाण्याबरोबर म्हणणे या दोन क्रियांतील अंतर रॅपची समीक्षा फार थोडे लक्षात घेते. छापील संहितेवर पोसलेल्या समीक्षेकडून दुसरे होणार तरी काय!

पब्लिक एनिमीच्या यशाचे मर्मही येथेच शोधावे लागते. १९८८ च्या त्यांच्या संग्रहाचे गुणगान करणारे चक डी याच्या राजकीय आशयाविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण त्या गंभीर, घनघोर आवाजाशेजारी गळ्यात भलेमोठे घड्याळ अडकवलेला फ्लेवर फ्लेव सतत नाचत, खिदळत, मध्येच ओरडत असतो. संस्कृत नाटकाच्या अभ्यासकाला त्याची ओळख पटायला वेळ लागू नये. नायकाच्या अंगावर येणाऱ्या ‘तू’ची धार हा विदूषक बोथट करतो आणि श्रोत्याला उभे राहायला थोडी जागा करून देतो. १९९० मध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आणीबाणीची वैद्यकीय मदत वेळेवर येत नाही, या जीवनमरणाच्या तक्रारीचे गाणे त्यांनी केले, तेव्हा ते चक डीच्या तोंडी न देता या विदूषकाच्या तोंडी दिले. ते गाजले. बांधिलकीने आपल्या शेजारी अडाणीपणाला जागा दिली, हे त्या संचाचे शहाणपण होय. त्यांच्या अनेक अनुयायांनी घड्याळ टाकून दिले आणि प्रवचन तेवढे ठेवले.

एवढे म्हटल्यावर अडाणी रॅपची बाजू पूर्ण झाली असे वाटू लागते आणि येथेच सावध व्हायला हवे. जून १९९० मध्ये फ्लॉरिडातील एका संघीय न्यायाधीशाने टू लाइव्ह क्रूचा संग्रह अश्लील ठरवला (वरच्या न्यायालयाने १९९२ मध्ये तो निर्णय फिरवला). त्या संचातील कलावंतांवर अश्लील कार्यक्रम केल्याचा खटलाही झाला. त्यात हेन्री लुई गेट्स यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली. अतिशयोक्ती, विडंबन, शब्दांची उलटापालट ही कृष्णवर्णीय मौखिक परंपरेची जुनी लक्षणे आहेत, या गाण्यांचा शब्दशः अर्थ घेणे हे अनभिज्ञतेचे लक्षण आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. कलावंत निर्दोष सुटले. परंतु किंबर्ली क्रेन्शॉ यांनी १९९१ मध्ये यावर जे लिहिले, ते बाजूला सारता येत नाही. खटला निवडकपणे कृष्णवर्णीयांवरच भरला गेला, हे त्यांना मान्य होते. पण तो भरणारे आणि त्याविरुद्ध परंपरेची ढाल धरणारे, दोघांच्याही लेखी कृष्णवर्णीय स्त्री जवळजवळ नव्हतीच, हे त्यांचे म्हणणे होते. मुखवटा विनोदी आहे, कबूल; पण विनोद कोणाच्या अंगावर होतो, हे मुखवट्याच्या सिद्धांतातून कळत नाही.

नाचणाऱ्या घोळक्यात ती स्त्री उभी आहे. तिलाही तो ‘मी’ उच्चारावासा वाटतो. ती तो उच्चारतेही, सगळी ओळ न अडखळता म्हणते, आणि त्याच ओळीत कर्म म्हणून तीच आलेली असते. जोन मॉर्गन यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात या अवघडलेपणाची जी कबुली दिली, ती सगळ्या समर्थनांहून आणि धिक्कारांहून मोलाची आहे: स्त्रीवादी असणे आणि हे संगीत आवडणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी नाकारल्या नाहीत. १९९६ मध्ये लिल किमने आणि २०२० मध्ये कार्डी बी व मेगन द स्टॅलियन यांनी तो मुखवटा स्वतःच्या चेहऱ्यावर चढवला, तेव्हा झालेला गहजब पाहता सर्वनामाचा लिंगबदल किती महाग पडतो हे दिसते.

दुसरी अडचण मुखवटा स्वस्तात मिळणाऱ्याची. १९९१ च्या मे महिन्यात ‘बिलबोर्ड’ने दुकानदारांच्या सांगीवांगीऐवजी यांत्रिक मोजणीवरून क्रम लावायला सुरुवात केली आणि महिन्याभरातच एन. डब्ल्यू. ए. या संचाचा दुसरा संग्रह पहिल्या क्रमांकावर दिसला. उपनगरांतील गोरी मुले हे ऐकत आहेत, याकडे तेव्हा सर्वांचे लक्ष गेले. त्या मुलाला ‘मी’ तीन मिनिटांसाठी मिळतो आणि गाणे संपले की परत करता येतो. कॉम्प्टनच्या मुलाला पोलीस तो परत करू देत नाहीत. आनंद तोच असला तरी त्याची किंमत दोन ठिकाणी दोन दराने आकारली जाते, आणि रसिकतेच्या चर्चेत हा हिशेब सहसा मांडला जात नाही.

कलावंतांना हे सारे ठाऊक आहे. २००३ च्या ‘द ब्लॅक अल्बम’मध्ये जे-झीने श्रोत्यांसाठी आपण आपली बुद्धी खाली आणली आणि त्यामुळे उत्पन्न दुप्पट झाले, असे सांगून टाकले, क्वेली आणि कॉमन यांची नावेही आदराने घेतली. सजग रॅपचे कैवारी हा कबुलीजबाब नेहमी पुढे करतात. तो ज्या ऐटीत दिला आहे तिकडे त्यांचे लक्ष जात नाही: ती कबुलीही बढाईच आहे आणि श्रोते ती बढाई म्हणूनच गुणगुणतात. याची उलट बाजू केंड्रिक लमारच्या २०१२ मधील ‘स्विमिंग पूल्स’ या गाण्यात दिसते. कडव्यांत घराण्यातील दारूचा वारसा आहे, सदसद्विवेकाचा आवाज आहे. धृपदात मात्र ओतण्याचा आणि पिण्याचा आग्रह आहे. श्रोत्यांनी धृपद उचलले आणि दारूच्या मेजवान्यांत नेले. इशारा वाया गेला म्हणावे, तर बहकवणारा आवाज किती गोड असतो हे गाण्याने सिद्धच केले. श्रोता त्या सिद्धतेतला पुरावा झाला, एवढेच. २०१५ मध्ये त्याच्याच ‘ऑलराइट’चे धृपद क्लीव्हलंडमध्ये पोलिसांसमोर उभ्या राहिलेल्या लोकांच्या तोंडी आले, तेव्हाही त्यांनी कडव्यांतील विवेचन घेतले नाही, ‘आम्ही’ म्हणता येईल एवढा तुकडा घेतला. २०१८ मध्ये पुलित्झर मिळालेल्या या कवीला २०२५ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले ते एका प्रतिस्पर्ध्याची यथेच्छ निंदा करणाऱ्या गाण्यासाठी. त्याच महिन्यात हजारोंच्या क्रीडांगणात लोकांनी ती निंदा एका सुरात म्हटली.

‘द मेसेज’विषयी एक गोष्ट सांगायची राहिली. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने २००२ मध्ये जतनासाठी निवडलेल्या पहिल्या पन्नास ध्वनिमुद्रणांत ते आहे, आणि सजग रॅपचा आरंभ म्हणून त्याचा उल्लेख होतो. पण त्याच्या धृपदात कोणाला उद्देशून उपदेश नाही. तोल जाऊ नये म्हणून धडपडणारा एक ‘मी’ आहे आणि तो कोणालाही घेता येतो. शेवटी तर कविता संपते आणि छोटे नाट्य सुरू होते. मित्र कोपऱ्यावर भेटतात, संध्याकाळी कोठे जायचे याच्या गप्पा मारतात. पोलिसांची गाडी येऊन थांबते. ते आपल्या संचाचे नाव सांगतात. ही एखादी टोळी आहे काय, असे पोलीस विचारतो आणि त्यांना गाडीत कोंबतो. दार लागते. त्यावर गाणे काही बोलत नाही.