मुसाफिराचं नाव

उर्दूच्या तासाला ‘सराय’ हा शब्द आला की मुलं अडखळतात. मी सांगतो, पैसे देऊन रात्र काढायची जागा. आता अशी जागा कुणाच्याही घरात असते. मोबाइलवर फोटो बघायचे, पैसे भरायचे, दोन रात्री राहायचं.

इंग्रजांनी 1867 साली सरायांसाठी कायदा केला. आमचं कळमनुरी तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून तो इथं लागू नव्हता. पण त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: नोंदणी करा, जागा स्वच्छ ठेवा, पहारेकरी नेमा, दराचा फलक लावा. गोव्यातही 1982 च्या कायद्यानं पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांवर नोंदणीची सक्ती आहे. घरगुती खोल्यांसाठी आज जे नियम मागितले जातात, तेही असेच: नोंदणी, कर, कचरा, शेजाऱ्यांची झोप, पाहुण्यांची ओळखपत्रं. सगळं योग्यच. पण नाव वाचून खोली नाकारली, तर काय?

मागच्या सुट्टीत आम्ही समुद्राकाठी एक घर ठरवलं होतं. ओळखपत्रं पाठवली आणि तासाभरात मालकाचा फोन आला, “सर, घरात काम निघालंय.” संध्याकाळी त्याच तारखांना तेच घर रिकामं दिसत होतं. मुलीनं विचारलं, “अब्बू, मग आधार कशाला मागितलं त्यांनी?”

दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून कुणाला अडवता येत नाही, असं संविधानाचं कलम 15 सांगतं. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचं स्पष्ट केलं: पैसे घेऊन सेवा देणारी जागा. मग रात्रीच्या भाड्यानं मिळणारी खोली त्यात का येऊ नये?

“घर माझं, मर्जी माझी,” असं कुणी म्हणेल. घरी मेहमान बोलवायचा तर खरंच मर्जी तुमची. पण जाहिरात दिली, दर लावला, की ती खोली बाजारात आली.

आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथला यात्रेकरू येतात. उद्या तिथली घरंही मोबाइलवर दिसू लागतील. नगरपंचायतीनं नियम केले, तर त्यात एक ओळ जरूर घालावी: ओळखपत्र बघा, पण त्यावरचं नाव वाचून कुणाला परत पाठवू नका, पाठवलंत तर नोंदणी रद्द.